बालब्लॉगर क्रमांक चार

शिरूरहून परत येताना चांगदेव ओव्हाळांना एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. उभ्याने आले असते तर पाय दुखले असते, घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले असते आणि यवत गावावरचा पुढचा प्रसंग टळला असता. पण खिडकी मिळाली की माणूस विचार करायला लागतो. त्यातून चांगदेवराव दौंडच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. दिवसभर दुसऱ्यांच्या विचारांवर शेरे मारायचे. स्वतःलाच एखादा विचार सुचला, तर त्यावर शेरा मारायला कोणी नसतं.

कचेरीनं त्यांना शिरूरला 'इंटरनेटचा सुरक्षित वापर' या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. म्हणजे नाव साहेबांचं होतं, पण साहेबांच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, म्हणून हे गेले. तिथं एका चुणचुणीत बाईंनी ब्लॉग म्हणजे काय ते सांगितलं. आपली वही जगाला वाचायला उघडी ठेवायची, पण वहीवर नाव घालायचं नाही, असा एकूण प्रकार होता. मुलं तर लिहिणारच आहेत, तुम्ही शिकवा नाहीतर दुसरं कोणीतरी शिकवेल, असंही बाई म्हणाल्या. हे वाक्य चांगदेवरावांच्या डोक्यात बसलं. एसटी चौफुल्याला पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात शिबिराचं उद्घाटनसुद्धा उरकलं होतं.

साल दोन हजार नऊ, मे महिना. शाळांना सुट्टी. चांगदेवरावांच्या पत्नी अंजनाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी योजना शांतपणे ऐकून घेतली.

"अहो, सुट्टी मुलांना नसते," त्या म्हणाल्या, "ती शिक्षकांना मुलांपासून असते. तुम्ही त्यात कशाला हात घालताय?"

"पिढी बिघडायला लागलीय, अंजना."

"मग तिला निवांत बिघडू द्या की. एवढ्या उन्हात कशाला?"

पण आठवीत गेलेली त्यांची मुलगी भाग्यश्री उड्या मारायला लागली, आणि शिबिर ठरलं.

पहिला प्रश्न जागेचा. शाळेत संगणक होते. ते आल्या दिवसापासून प्लास्टिकच्या आवरणात होते आणि हळदीकुंकवाचे डाग सोडले तर त्यांना कोणाचा हात लागला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, तालुक्याची परवानगी आणा. चांगदेवरावांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला. तो अर्ज रीतसर प्रवास करत दौंडला आला, आणि दौंडला अशा अर्जांची छाननी ज्या टेबलावर होते ते टेबल चांगदेवरावांचं होतं. त्यांनी अर्ज उघडला. सोबत शाळा समितीचा ठराव नव्हता. अर्ज कोणाचा हे त्यांना ठाऊक होतं, अर्जदार सज्जन आहे हेही ठाऊक होतं, पण नोकरीत आजवर ठरावाशिवाय त्यांनी एक कागद पुढं सोडला नव्हता. त्यांनी जड अंतःकरणानं 'अपूर्ण, सबब परत' असा शेरा मारला. संध्याकाळी घरी ते शेऱ्यावर चिडून होते. अंजनाबाईंनी विचारलं, कोण मेला असा शेरा मारणारा? चांगदेवराव पाय धुवायला उठले.

मग उरलं सुरजचं दुकान. हायवेला लागून, ढाब्याशेजारी, 'सुरज सायबर कॅफे, झेरॉक्स व लॅमिनेशन'. संगणक चार, त्यातला एक गाणी भरून देण्यासाठी राखीव. प्रत्येक संगणकाला लाकडी खोपटं आणि खोपट्याला पडदा. या पडद्यांमुळे दुकानाची गावात जी कीर्ती होती, ती इथं सांगण्यासारखी नाही.

"पडदे काढा," चांगदेवराव म्हणाले.

"भाऊसाहेब, पडदं काढलं तर गिऱ्हाईक जाईल," सुरज म्हणाला. "कॅफे म्हंजी पडदा. नायतर घरात बसून बघत्याल की."

शेवटी तडजोड झाली. सकाळी शिबिराच्या वेळेपुरते पडदे वर गुंडाळून सुतळीनं बांधायचे. रोज सकाळी चांगदेवराव स्वतः स्टुलावर चढून सुतळी आवळायचे आणि ढाब्यावरचे ट्रकवाले चहा पिता पिता वरिष्ठ लिपिकाची ही कसरत बघायचे.

पोरं डझनभर जमली. पण शिबिर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आण्णा शेंडगे मोटरसायकलवरून आले. मागं त्यांची मुलगी अंकिता, भाग्यश्रीच्या वर्गातली. शेंडग्यांच्या घरात मागल्या पिढीपर्यंत मेंढरं होती. आता कालव्याकडेला मळा होता, ऊस आणि कांदा. आण्णा कमी बोलायचे, आणि बोलले की समोरच्यानं ऐकून घ्यावं असंच बोलायचे.

"भाऊसाहेब, पोरगी चार दिस रडतीय म्हणून आनली. पर एक सांगतो. तिचं नाव कुठं दिसता कामा न्हाई. कॉम्प्युटरवर न्हाई, कागदावर न्हाई, भितीवर न्हाई. मागल्या साली माझ्या भाचीचं नाव आन् नंबर कुनीतरी एसटी स्टँडच्या भितीवर लिवला. फोनावर फोन. पोरीची शाळा सुटली ती सुटलीच. अंकीचं नाव चारचौघांत आलं, की त्याच दिशी तिचं हे बंद. शाळंचंबी मग मी बघीन."

अंकिता खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होती. चांगदेवरावांना एकदम भरून आलं. शिरूरच्या बाईंनी फळ्यावर जे लिहिलं होतं तेच हा माणूस मोटरसायकलवर बसून सांगत होता.

"आण्णा, माझा शब्द," ते म्हणाले. "तिचं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही."

शिबिराचे नियम त्यांनी तक्त्यावर लिहून भिंतीला लावले. भाषा कचेरीची होती. 'खरे नाव, गाव, शाळा व भ्रमणध्वनी क्रमांक कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये. छायाचित्र जोडू नये. अनोळखी इसमाच्या पृच्छेस उत्तर न देता तात्काळ वडीलधाऱ्यांस कळवावे. पासवर्ड कोणासही सांगू नये.' पोरांनी तो तक्ता मोठ्यानं वाचला आणि सगळ्यांनी एकदम विचारलं की पृच्छा म्हणजे काय.

टोपणनावं ठरवण्यात एक सकाळ गेली. डझनभर पोरांपैकी पाच जणांना 'वाघ' व्हायचं होतं. भाग्यश्री 'जांभूळ' झाली. गावचे पुढारी पोपटराव, त्यांची पुतणी स्वप्नाली 'राजकन्या' झाली. महेंद्र नावाचा एक शांत मुलगा होता, तो 'रॉकेट' झाला. अंकितानं खूप विचार करून, चांगदेवरावांशिवाय कोणाला दिसणार नाही असा एकच शब्द टाइप केला, 'घोंगडी'. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं, ही जादू पाहून पोरं वेडी झाली. त्यात वीज जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक ढाब्यावर चिकटवलेलं होतं, पण वीज ते वाचत नसावी. अर्धं लिहिलेलं उडायचं, मग पोरं रडायची आणि चांगदेवराव पंख्याऐवजी नियमांचा तक्ता घेऊन वारा घालायचे.

हळूहळू पोरं गळाली. वाघ पोहायला कालव्यावर गेले. काही पोरं शिबिराला यायची पण गाणी भरायच्या संगणकाशी घुटमळायची. सलग लिहिणारे ब्लॉग चारच उरले. जांभूळ, राजकन्या, रॉकेट आणि घोंगडी.

आणि मग पासवर्डांचं प्रकरण झालं.

ओव्हाळांच्या समोरच साळूबाई राहतात. आळीतली माणसं शेतावर किंवा दौंडला निघाली की घराची किल्ली साळूबाईंच्या कोनाड्यात ठेवून जातात. मागनं बहीण आली, पाव्हणा आला, तर त्यानं साळूबाईंकडनं किल्ली घ्यावी, चहा करून प्यावा. किल्ली ज्याला दिली तो कोण, हे त्या विचारत नाहीत. आळीतल्या माणसाला किल्ली मागितल्यावर द्यायची नाही, मग ठेवायची कशाला? पोरं रोज पासवर्ड विसरायची आणि चांगदेवराव रोज ओरडायचे. तेव्हा पोरांनी आपल्या अकलेनं तोडगा काढला. पासवर्ड साळूबाईंकडं ठेवला. बाईंना वाचता येत नव्हतं, पण पाठांतर असं की जात्यावर म्हटल्यासारखे त्यांनी सगळे पासवर्ड एका चालीत बसवले.

एका सकाळी चांगदेवरावांनी 'जांभूळ' उघडला. भाग्यश्रीनं मांजराबद्दल सुरेख लिहिलं होतं. खाली लिहिलेलं होतं, 'उद्या गिरणी बंद राहील, याची नोंद घ्यावी.' 'राजकन्या' उघडला. स्वप्नालीच्या फुलपाखरांखाली एक करडी शेळी हरवल्याची खबर होती, कान चिरलेला, सापडल्यास आणून देणे. 'रॉकेट'वर चंद्राच्या माहितीनंतर एका सुशील, एम.कॉम. मुलासाठी स्थळ पाहिजे होतं. सुरज सांगत होता की संध्याकाळी आळीतली माणसं येतात, पासवर्ड म्हणून दाखवतात आणि लिहून जातात. त्याचा धंदा तेजीत होता.

चांगदेवराव तडक साळूबाईंकडं गेले.

"मावशी, तुम्ही पोरांचे पासवर्ड लोकांना सांगितले?"

"मागितलं तर सांगू न्हाई व्हय? शेळी हरवलीय बिचाऱ्याची."

"मावशी, ही घराची किल्ली नाही. हे जगाला उघडं आहे."

"मग तर आनखी बरं. उघड्या घरावर चार मानसांचा राबता आसला म्हंजी चोर येत न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "आन् चांगदेवा, शेळी घावली. त्या राजकन्येच्या पेपरात वाचूनच घावली. तुला पेढं आल्यात, घरात ठेवल्यात बघ."

पेढे खाताना चांगदेवरावांना आपली प्रतिष्ठा गिळल्यासारखं वाटत होतं. त्यांनी सगळ्यांना नवे पासवर्ड करायला लावले आणि ते साळूबाईंना सांगायचे नाहीत म्हणून शपथ घातली. फक्त 'घोंगडी'वर कोणाची गिरणी आली नव्हती की शेळी. अंकितानं पासवर्ड बाहेर कोणाला दिलाच नव्हता.

'घोंगडी'वर मात्र वेगळंच चाललं होतं. त्यात एक आजी होती, तिची मेंढरं होती, रानातले मुक्काम होते. गावाचं नाव नाही, आजीचं नाव नाही, काही नाही. पण वाचणाऱ्याला चुलीचा धूर डोळ्यात जायचा. वाचणारे वाढले. नागपूरचं कोणी, दुबईतलं कोणी, आजीला नमस्कार कळवत होतं. एकदा कोणी 'मित्र' नावानं लिहिलं, तू कुठल्या गावची, किती वर्षांची, फोटो पाठव, नंबर दे. अंकितानं उत्तर दिलं नाही. ती उठून चांगदेवरावांकडं आली आणि हळूच म्हणाली, "सर, पृच्छा आलीय."

त्या दिवशी चांगदेवरावांना जेवढा आनंद झाला तेवढा बढतीच्या वेळीसुद्धा झाला नव्हता. पृच्छा कोणाला आली ते न सांगता त्यांनी सगळ्या पोरांना गोळा केलं, असा माणूस कसा ओळखायचा, त्याला कसा बंद करायचा, खूण म्हणून ते पान कसं जपून ठेवायचं, सगळं दाखवलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जाता जाता त्या माणसाला एक उत्तर द्यायचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी लिहिलं, 'आपली विनंती नामंजूर करण्यात येत असून यापुढील पत्रव्यवहार पोलीस खात्यामार्फत करावा.' मग त्याला बंद केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचा आवाज पोपटरावांपर्यंत पोचला. पोपटराव कशाचे सदस्य होते हे कोणी नीट सांगू शकत नसे, पण गावात लागलेल्या प्रत्येक फ्लेक्सवर ते होते. वाढदिवस, निवड, नवी गाडी, बारावी पास, काहीही असो, मोबाईल कानाला लावलेले पोपटराव बोर्डाच्या मधोमध उभे असत. पुतणी इंटरनेटवर लिहिते आणि दुबईत वाचतात, हे कळल्यावर ते गप्प बसणं शक्य नव्हतं.

"भाऊसाहेब, चौघांचं फोटू आन् नावं द्या. हायवेला फ्लेक्स लावू. वर माझ्यातर्फे जाहीर सत्कार."

"पोपटराव, फोटो टाकायचा नाही, नाव सांगायचं नाही, हाच तर धडा आहे."

"आवो, नेटवर न्हाई टाकायचा, हायवेवर टाकायचा. नेट येगळं, हायवे येगळा."

चांगदेवरावांनी समजावलं, पुन्हा समजावलं, कचेरीच्या भाषेत समजावलं. तोवर पोपटरावांनी स्वप्नालीचा फोटो घरातूनच घेतला होता. महेंद्रच्या वडिलांनी उत्साहानं शाळेचा ग्रुप फोटो आणून दिला. चांगदेवरावांच्या घरात तर अंजनाबाईंनीच भाग्यश्रीचा, नवीन फ्रॉकमधला, दिला.

"तुम्हीसुद्धा?" चांगदेवराव म्हणाले.

"गावाला काय माहीत नाही का आपली पोरगी?" अंजनाबाई म्हणाल्या. "ब्लॉगवर मी नाव घातलं का? नाही ना? मग."

राहिली घोंगडी. ती कोण, हे चांगदेवरावांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. शिबिरात एवढी पोरं येऊन जाऊन होती. मेंढरं म्हणाल तर निम्म्या गावात कधीतरी होती. पोपटरावांनी चहा पाजला, उसाचा रस पाजला, शेवटी दौंडच्या साहेबांकडून फोनसुद्धा करवला. चांगदेवराव बधले नाहीत. साहेबांना त्यांनी सांगितलं की मागणी तोंडी आहे, लेखी आल्यास विचार होईल.

फ्लेक्स लागला. 'आमच्या गावाची शान, बालब्लॉगर!' मधोमध पोपटराव, मोबाईलसह. डावीकडे तिघांचे फोटो, नाव, टोपणनाव आणि पत्ता. चौथ्या चौकटीत नुसती काळी सावली आणि मोठं प्रश्नचिन्ह, खाली 'बालब्लॉगर क्रमांक चार, नाव सत्कारात जाहीर होईल'. अगदी खालच्या कोपऱ्यात चांगदेवराव. त्यांचा फोटो कोणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या समारंभातून कापून घेतला होता, त्यामुळे खांद्यावर दुसऱ्याचा हात होता आणि गळ्यात अर्धा हार. रस्त्यानं जाणारा त्यांचा एक सहकारी दुसऱ्या दिवशी कचेरीत म्हणाला, "ओव्हाळ, रिटायर झालास? कळवलं नाहीस."

चौथ्या चौकटीनं गाव पेटलं. शिबिराला एकदा तरी आलेल्या प्रत्येक पोराच्या बापाला खात्री पटली की घोंगडी आपल्याच घरातली. पोरं नाही म्हणेनात. एका वाघाचे वडील तर फोटो आणि खळ घेऊन रात्री नव्हे, भर दुपारी शिडी लावताना सापडले. चांगदेवरावांना वाटेत अडवून लोक विचारत, "भाऊसाहेब, नुसतं मान हालवा." त्यामुळे त्या दिवसांत ते मान ताठ ठेवूनच चालत, आणि लोक म्हणाले, फ्लेक्सवर आल्यापासून ओव्हाळसाहेबांना गर्व झाला.

गंमत सगळ्यांना होती. अंकिताला नव्हती. ती शिबिराला यायची, लिहायची नाही, नुसती पडद्याकडं बघत बसायची.

"सर, सत्कारात सांगतील?" तिनं विचारलं.

"कोण सांगणार? मला एकट्याला माहीत आहे."

"तुम्हाला स्टेजवर बोलवलं तर?"

चांगदेवराव हसले, पण प्रश्न खरा होता. गेल्या तीस वर्षांत वरिष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. नाही म्हणायची त्यांना सवय होती, पण ती कागदावर.

सत्कार रविवारी सकाळी बाजारतळावर झाला. मांडव, खुर्च्या, आणि गाव लोटलेलं. पुढच्या रांगेत बायका, त्यात आण्णांच्या आई म्हाळसाबाई, हिरवं लुगडं आणि कपाळभर कुंकू. शेजारी अंकिता, तोंड उतरलेलं. आण्णा पाठीमागं खांबाला टेकून उभे. तिघांचे सत्कार झाले. नारळ, शाल आणि प्रत्येकासोबत पोपटरावांचा फोटो. मग पोपटरावांनी माईक धरला, खिशातून कागद काढला आणि म्हणाले की आता गावानं ऐकावं, अशी गोष्ट चौथ्या ब्लॉगरनं लिहिली आहे.

ते वाचायला लागले. एक आजी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं निघालेली. पहाटे गडबडीत मुक्काम हलवला, घोड्यावर बिऱ्हाड लादलं, चालायला लागले. पुढच्या मुक्कामाला मोजणी झाली. मेंढरं बरोबर भरली, पोरगं एक कमी भरलं. आजी तशीच उलट्या पावली धावत निघाली. मागल्या मुक्कामावर बाभळीखाली घोंगडी तशीच पसरलेली, तिच्या टोकाशी राखणीला कुत्रं, आणि कुत्र्याच्या गळ्यात पडून पोरगा हमसून हमसून रडतोय. आजीनं आधी त्याला रपाटा घातला आणि मग स्वतःच रडायला बसली.

बाजारतळावर कोणी हललं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चांगदेवरावांचं लक्ष खांबाकडं गेलं. आण्णा खांब सोडून ताठ उभे राहिले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. चांगदेवराव काय ते समजले.

"तर ही घोंगडी कोन," पोपटराव गरजले, "हे आपलं भाऊसाहेब सांगतील!"

चांगदेवराव माईकपाशी गेले. घसा खाकरला.

"प्रस्तुत प्रकरणी," ते म्हणाले, "सर्व बाबींचा साकल्यानं विचार करता..."

"नाव!" मागून कोणी ओरडलं.

"नाव सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"कुनाला दिलाय?" पोपटरावांनी विचारलं.

"ते सांगितलं तर शब्दच मोडला."

लोक हसले, पण मग आवाज चढायला लागला. वाघांचे बाप उभे राहिले. शाल तयार, नारळ तयार, फोटोवाला तयार, आणि एक लिपिक गावाला अडवतो म्हणजे काय? चांगदेवरावांच्या कपाळावरून घाम ओघळला. पण त्यांनी माईकचा दांडा धरून ठेवला आणि मान हलवली नाही. अंकितानं डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून म्हाळसाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या पायऱ्या चढल्या आणि पोपटरावांसमोर उभ्या राहिल्या.

"आन ती शाल," त्या म्हणाल्या.

"काकू, तुमी? ही शाल घोंगडीची हाय."

"मग कुनाला देतूस? गोष्ट माझी. मेंढरं माझी. पोरगं इसरली ती मी. ब्लॉग दुसऱ्या कुनाचा आसंल?"

"आवो, पर तुमाला लिवता येतं व्हय?"

"तू एवढी भाषनं करतूस," म्हाळसाबाई म्हणाल्या, "ती तू लिवतूस व्हय?"

मांडव असा हसला की ढाब्यावरचे ट्रकवालेसुद्धा बघायला आले. पोपटरावांची भाषणं लिहून देणारे ग्रामसेवक पहिल्याच खुर्चीवर होते, ते चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले. पोपटराव काही झालं तरी समारंभाचा माणूस. त्यांनी शाल उघडली, म्हाळसाबाईंच्या खांद्यावर घातली आणि फोटोवाल्याकडं वळून मोबाईल कानाला लावला. म्हाळसाबाईंनी नारळ मात्र कानाशी हलवून, पाणी आहे याची खात्री करूनच घेतला.

मागं कोणीतरी ओरडलं, "आण्णा, मंग मागं ऱ्हायलेलं पोरगं तूच की रं!" पुन्हा हशा उसळला. चांगदेवरावांनी पाहिलं तर खांबापाशी कोणी नव्हतं, आणि लांब मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येत होता.

फ्लेक्स दुरुस्त झाला. काळ्या सावलीवर म्हाळसाबाईंचा फोटो चिकटला, शाल आणि कुंकवासकट. वरचं 'बालब्लॉगर' तसंच राहिलं. पाटसकडनं येणाऱ्या बसमधले लोक माना वळवून बघायचे. पण चांगदेवरावांचं कशातच मन लागेना. अंकिता आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नाव निघालं नव्हतं, हे खरं. पण गोष्टीतल्या लहानग्या आण्णांना सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडायला लावलं होतं, हेही खरंच. स्टुलावर चढून सुतळी बांधताना त्यांना वाटायचं, आता हे पडदे कोणासाठी वर करतोय आपण?

मग एका सकाळी कॅफेच्या दारात मोटरसायकल थांबली. आण्णा, मधे म्हाळसाबाई, मागं अंकिता. म्हाळसाबाई उतरून सरळ आत गेल्या आणि गाणी भरणाऱ्या पोराला खुर्चीवरून उठवून स्वतः बसल्या. आण्णा गाडीवरच होते.

"भाऊसाहेब, आईनं जीव खाल्लाय. दुबईवाली मानसं पुढची गोष्ट मागत्यात म्हंती. तिला एकटीला हायवे कसा वलांडू द्यायचा? म्हणून अंकीला संग धाडतोय. सोबतीला."

"बरोबर आहे," चांगदेवराव म्हणाले. त्यांना हसू आणि रडू एकदम येत होतं. "सोबत पाहिजेच."

"नाव आईचंच ऱ्हाईल."

"आईचंच."

आण्णांनी किक मारायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. मग उतरून दारापर्यंत आले.

"आन् एक. त्या गोष्टीत चूक हाय. त्यो पोरगा रडला न्हवता. तेवढं दुरुस्त करायला सांगा तिला." ते थांबले. "आईला."

"रडला व्हता!" आतून म्हाळसाबाई ओरडल्या. "अंके, हाय तसंच ऱ्हाऊ दे!"

अंकितानं आजीकडं पाहिलं, दारातल्या बापाकडं पाहिलं. मग ती आजीच्या शेजारी स्टूल ओढून बसली, 'घोंगडी' उघडली आणि गोष्टीच्या शेवटी भराभर काहीतरी टाइप केलं. चांगदेवरावांनी चष्मा सावरून वाचायला घेतलं, पण अंकितानंच ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"तो पोरगा आता मोठा झालाय. तो म्हणतो, मी रडलो नव्हतो."

आण्णांनी जरा विचार केला.

"हां," ते म्हणाले. "आता बराबर हाय."

आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं म्हणून ते मळ्याकडं निघून गेले.